भर किती, माल किती: क्लॅम चाउडर आणि क्रॅब केकची पारख

वाटीत चमचा उभा राहिला म्हणजे चाउडर (क्लॅम या शिंपल्यांचं बटाटे घातलेलं सूप) झकास, ही समजूत अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या गर्दीतल्या हॉटेलांनी चांगलीच पोसली आहे. चमचा उभा राहतो तो मैद्याच्या जोरावर, क्लॅमच्या नव्हे. मेरीलँड या अमेरिकी राज्यातल्या क्रॅब केकचं, म्हणजे खेकड्याच्या मांसाच्या टिक्कीचं, दुखणंही तेच, तिथे मैद्याच्या जागी पावाचा चुरा येतो. दोन्ही पदार्थांत महागाची वस्तू एकच असते आणि ती पुरवून वापरायचा मोह स्वयंपाकघराला होतोच. म्हणून हॉटेलची वाटी, दुकानातला डबा आणि घरचं पातेलं, तिन्हींना इथे एकच फुटपट्टी लावली आहे: भर किती आणि माल किती.

आधी हॉटेलातली वाटी. खरं न्यू इंग्लंड चाउडर पांढरंशुभ्र नसतं. क्लॅमचा रस करडा, खारवलेल्या पोर्कची चरबी पिवळसर, त्यामुळे रंग मळकट सायीचा दिसतो. वर चरबीचे बारीक सोनेरी थेंब तरंगायला हवेत. बटाट्याच्या फोडींच्या कडा शाबूत हव्यात आणि क्लॅमचे तुकडे सगळे एका मापाचे नकोत. पहिल्या चमच्याला समुद्राची चव लागली पाहिजे, दुधाची त्यानंतर. आधी पिठूळपणा आणि मग नुसतं मीठ लागलं तर पुढचे चमचे भुकेसाठी खायचे, चवीसाठी नाही. वाढायला आलेल्या माणसाला एकच प्रश्न पुरतो: चाउडर इथेच शिजतं की गोठवलेल्या पिशवीतून येतं? ‘आमचं स्वतःचं आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे, पिशवीही स्वतःची असू शकते.

बॉस्टनमध्ये १८२६ पासून चालू असलेलं युनियन ऑयस्टर हाउस आणि १९८१ पासून अध्यक्षांच्या शपथविधी सोहळ्यात ज्यांचं चाउडर वाढलं गेलं ते लीगल सी फूड्स, ही दोन नावं सगळेच सांगतात. घट्ट, साईच्या घराण्यातलं चाउडर म्हणजे काय हे समजून घ्यायला ती ठीकच आहेत. पण क्लॅमची स्वतःची चव कळून घ्यायची असेल तर रोड आयलंडला जावं. तिथल्या दक्षिण किनाऱ्याच्या चाउडरमध्ये दूध नाही, साय नाही, टोमॅटो नाही. क्लॅमचा रस, बटाटा, कांदा, पोर्क, संपलं. लपायला जागाच नसल्यामुळे या वाटीत शिळा किंवा पाणचट रस लगेच पकडला जातो. मॅनहॅटनचं टोमॅटोवालं चाउडर हे वेगळं सूप आहे आणि तसं म्हणून खाल्लं तर वाईट नाही. मेन राज्याच्या विधिमंडळात मात्र १९३९ साली चाउडरमध्ये टोमॅटो घालायला बंदी करणारं विधेयक आलं होतं, एवढा तो राग जुना. सॅन फ्रान्सिस्कोचा सावरडो पावाच्या वाडग्यातला प्रकार फोटोपुरता बरा. पाव रस पिऊन टाकतो आणि दहा मिनिटांत उरतो तो लगदा.

घरी करायचं तर क्लॅम कोणते? चाउडरचा खरा क्लॅम म्हणजे कोहॉग, जाड कठीण कवचाचा, आपल्या तिसऱ्यांचा थोराड भाऊ. बाजारातली नावं आकारावरून पडली आहेत: सगळ्यात लहान लिटलनेक, मग टॉपनेक, मग चेरीस्टोन आणि सगळ्यात मोठा, ज्याचं नावच चाउडर क्लॅम. लिटलनेक चाउडरमध्ये घालणं म्हणजे पैशांचा चुराडा, ते कच्चे किंवा नुसते वाफवून खायचे. मोठ्यांना चव जबरदस्त पण मांस चिवट, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा ठेवायचा नाही. घरगुती पातेल्याला चेरीस्टोन सगळ्यात सोयीचा.

चौघा-पाचजणांसाठी तीन किलो चेरीस्टोन घ्या. उघडं कवच टकटक केल्यावर मिटलं नाही तर तो क्लॅम मेलेला, फेकून द्या. गोड्या पाण्यात भिजत ठेवू नका, मरतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीतही नको, ओल्या फडक्याखाली फ्रीजमध्ये ठेवा. ब्रशने घासून, तीन कप उकळत्या पाण्यावर झाकण घालून वाफवा. पाच मिनिटांनंतर उघडतील तसे बाहेर काढत जा. सगळे एकदम उघडायची वाट पाहिलीत तर पहिले उघडलेले रबर होतात. दहा-बारा मिनिटांनीही न उघडलेले टाकून द्या. रस कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि तळाचा शेवटचा अर्धा कप पातेल्यातच सोडा, रेती तिथेच बसलेली असते.

एवढा खटाटोप दर वेळी जमत नाही, आणि इथे डबा कामाला येतो. साडेसहा औंसाचा चिरलेल्या क्लॅमचा डबा अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक किराणा दुकानात ट्यूनाशेजारी असतो. स्नोज हे त्यातलं जुनं, मेनमधून आलेलं नाव. डब्यातला क्लॅम बहुधा कोहॉग नसून अटलांटिकमधला मोठा सर्फ क्लॅम असतो. चव जरा गोडसर आणि सौम्य, चाउडरला चालते. वजनाचा मोठा भाग रसाचा असतो, पण तो फसवणुकीचा नाही, वापरायचाच असतो. ‘चॉप्ड’ लिहिलेलं घ्या, ‘मिन्स्ड’ नको. त्याचा भुगा होतो. सोबत क्लॅम ज्यूसची आठ औंसाची बाटली लागते. घटकांच्या यादीत क्लॅमचा रस, मीठ आणि पाणी यांपलीकडे फारसं काही नसावं. मेनमधल्या बार हार्बरची बाटली या कसोटीला उतरते. डबा आणि बाटली दोन्ही घेण्याजोगे. तयार चाउडरचे डबे मात्र, कुठल्याही कंपनीचे असोत, खरेदीच्या यादीतून काढून टाका. यादीत क्लॅमच्या आधी बटाटा आणि सुधारित स्टार्च दिसले की आत काय आहे ते कळलंच. फ्रीजच्या कपाटात मिळणारं ताजं चाउडर त्यापेक्षा पुष्कळ बरं, पण त्यातही एखादी क्लॅम ज्यूसची बाटली ओतून पातळ करावी लागते.

डब्याच्या चाउडरचं प्रमाण असं: क्लॅमचे तीन डबे, ज्यूसच्या दोन बाटल्या, अर्धा किलो बटाटे, ७५ ग्रॅम खारवलेलं पोर्क किंवा जाड बेकन, एक मध्यम कांदा, सेलरीचा एक दांडा, दोन टेबलस्पून मैदा, एक तमालपत्र, चिमूटभर थाइम आणि एक कप हेवी क्रीम. पोर्क मंद आचेवर सुटी चरबी निघेपर्यंत परता, कुरकुरीत तुकडे काढून बाजूला ठेवा. त्याच चरबीत कांदा-सेलरी मऊ होऊ द्या, तांबूस नको. मैदा घालून मिनिटभर परता आणि डब्यांतला व बाटल्यांतला सगळा रस थोडा थोडा करत ओता. एकदम ओतलात तर गुठळ्या. बटाट्याच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी, तमालपत्र, थाइम घाला आणि बारा-पंधरा मिनिटं हलक्या उकळीवर ठेवा. दोन टेबलस्पून मैदा लिटरभर पातळाला कमी वाटेल. कमीच आहे, आणि तेवढाच हवा. दाटपणा हवाच असेल तर दहा-बारा फोडी पातेल्याच्या कडेला चमच्याने चेपा, बटाट्याचं स्टार्च चवीला आड येत नाही. यूकॉन गोल्ड जातीचा बटाटा फोडीही टिकवतो आणि थोडं स्टार्चही सोडतो. रसेट लवकर विरघळतो.

क्रीम बटाटा शिजल्यावर आणि आच अगदी कमी केल्यावर. इथून पुढे उकळी फुटू द्यायची नाही. हेवी क्रीममध्ये चरबी भरपूर असल्याने ते सहसा फाटत नाही. दूध किंवा हाफ-अँड-हाफ (अर्धं दूध, अर्धं क्रीम) खारट रसात उकळलं की प्रथिनं गोळा होऊन दाणेदार होतं, आणि ते परत जुळत नाही. क्लॅम सगळ्यात शेवटी, फक्त गरम होण्यापुरते, दोन मिनिटं. ते आधीच शिजलेले असतात. बटाट्याबरोबर टाकले तर चिवट खोडरबर. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, डबा, बाटली आणि पोर्क तिन्ही खारट. ताज्या क्लॅमचं करताना हीच रीत, फक्त बाटलीऐवजी गाळलेला रस साधारण चार कप आणि क्लॅम हाताने चिरलेले. आच बंद करून तासभर झाकून ठेवलं तर चव मुरते. दुसऱ्या दिवशी आणखी छान लागतं, पण गरम करताना पुन्हा तेच: वाफ हवी, बुडबुडे नकोत.

आता क्रॅब केक. इथे खरेदीतच अर्धी लढाई आहे, कारण ‘मेरीलँड स्टाइल’ हे शब्द पाककृतीबद्दल सांगतात, खेकड्याबद्दल नाही. मेरीलँडच्या चेसापीक उपसागरातला निळा खेकडा वेगळा आणि डब्यातला बहुतेक माल वेगळा. इंडोनेशिया, फिलिपिन्सकडून येणारा डब्यातला खेकडा त्याच कुळातला, पण दुसऱ्या जातीचा. त्याचे तुकडे मोठे, पांढरे, देखणे. चव जरा कोरडी. चेसापीकच्या खेकड्याला लोण्यासारखी स्निग्धता असते. डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत देशाचं नाव असतं, ते वाचा. हॉटेलात गेलात तर मेरीलँड राज्याचं ‘ट्रू ब्लू’ चिन्ह शोधा. ते स्थानिक खेकडा वापरणाऱ्यांसाठी आहे. बाल्टिमोरच्या लेक्सिंग्टन मार्केटमधलं फेडलीज, १८८६ चं दुकान, जम्बो लंप क्रॅब केकसाठी प्रसिद्ध. गोळा पाहिला तरी खेकड्याचे पांढरे गड्डे एकमेकांना जेमतेम धरून बसलेले दिसतात. केक कसा दिसायला हवा याचं ते माप समजा. सपाट, कडा कापल्यासारखी गोल आणि आत ढोबळी मिरचीचे ठिपके दिसले तर तो भरीचा केक.

मांसाच्या प्रतवारीत पैसे वाचवता येतात. जम्बो लंप म्हणजे पोहण्याच्या मागच्या पायांना जोडलेले दोन मोठे स्नायू. एका खेकड्यात दोनच, म्हणून सगळ्यात महाग. लंप म्हणजे त्याचे लहान किंवा तुटलेले तुकडे. बॅकफिनमध्ये तुटलेला लंप आणि अंगाचं बारीक मांस मिसळलेलं. स्पेशल म्हणजे नुसतं बारीक मांस, नावाला भुलू नका. नांगीचं मांस तपकिरी, सगळ्यात स्वस्त, आणि खरं सांगायचं तर चवीला सगळ्यात ठसठशीत. केकसाठी आमचा कौल: तीन भाग लंप, एक भाग नांगीचं मांस. नुसत्या जम्बोचा केक दिसतो राजेशाही, पण भाजताना फुटतो जास्त आणि मोठे स्नायू शेवटी कालवताना तुटतातच.

पाश्चराइज केलेला डबा खोलीच्या कपाटात ठेवायचा नाही. दिसतो ट्यूनासारखा, पण निर्जंतुक केलेला नसतो. बंद असतानाही फ्रीजमध्येच हवा. दुकानात उघड्या फळीवर गार नसलेला दिसला तर घेऊ नका. उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा. काही डब्यांत मांस निळसर पडू नये म्हणून फॉस्फेट घातलेलं असतं आणि त्याची धातूसारखी चव राहते. मांस वीस मिनिटं दुधात भिजवून निथळलं की ती बरीच जाते.

एका पौंडाला, म्हणजे ४५४ ग्रॅमला: एक अंडं, पाव कप मेयोनेझ, एक टेबलस्पून डिजॉन मोहरी, एक टीस्पून वूस्टरशायर सॉस, एक टीस्पून ओल्ड बे हा तयार मसाला, थोडी पार्सली आणि दहा-बारा चुरलेली सॉल्टीन बिस्किटं. ओल्ड बे जर्मनीतून आलेल्या गुस्टाव ब्रुन यांनी बाल्टिमोरमध्ये १९३९ साली बनवला. डब्यावर पहिला घटक सेलरी मीठ आहे, म्हणून वेगळं मीठ घालायचं नाही. दोन टीस्पून घातला की खेकडा मसाल्याखाली गाडला जातो.

मांस ताटात पसरून बोटांनी कवचाचे कण काढा आणि कागदावर टिपून कोरडं करा. ओलं मांस हे केक फुटण्याचं पहिलं कारण. खेकडा सोडून सगळं आधी एकजीव करा, बिस्किटाचा चुरा दहा मिनिटं फुगू द्या, मग खेकडा घालून हाताने खालून वर उलटा. चमच्याने ढवळलात तर लंपचं स्पेशल करून ठेवाल. सहा गोळे करा, दाबून नव्हे, ओंजळीत जमवून. मग किमान एक तास फ्रीज. गार झाल्यावर मेयोनेझ घट्ट होतं आणि चुरा उरलेली ओल ओढतो; हा तास टाळणाऱ्यांचेच केक तव्यावर पसरतात, आणि मग पुढच्या खेपेला ते चुरा दुप्पट करतात.

भाजायला ओव्हन सगळ्यात भरवशाचा: २३० अंश सेल्सिअस, लोणी लावलेला ट्रे, वर लोण्याचा एक छोटा तुकडा, बारा ते पंधरा मिनिटं, उलटायचं नाही. मांस आधीच शिजलेलं असतं, शिजवायचं ते अंडं. मधोमध ७१ अंश आले की काढा. तव्यावर करायचे तर मध्यम आच, एका बाजूला चार मिनिटं, एकदाच उलटणं. सोबत लिंबाची फोड आणि सॉल्टीन पुरे. उरलेला केक १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये अंडं आवळून पाणी सोडतं आणि ताटलीत केकभोवती तळं साचतं.