डिस्क मेली नव्हती

मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या बेळगावजवळच्या खानापुरात लाईट दिवसातून चार-पाच वेळा तरी जाते. गेल्या जूनमध्ये अशीच भर दुपारी गेली. कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट चालू होतं आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच उतरलेली. लाईट आल्यावर मशीन सुरू झालं, पण पुढे सरकेना. पडद्यावर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ अशी अक्षरं यायची, खाली ठिपके गोल फिरायचे, मशीन आपोआप बंद व्हायचं आणि पुन्हा तेच. हा पडदा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मी घरातल्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळांच्या पावत्या. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीत. आमच्याकडे बऱ्याच पत्रिका दोन्ही भाषांत लागतात. शिवाय जांबोटीकडच्या गावांतली माणसं जमिनीचा उतारा घेऊन येतात. उतारा कन्नडमध्ये, म्हणून मी वाचून दाखवते, अर्ज भरून देते. त्यांच्या आधारच्या, रेशनकार्डाच्या प्रती, माझं १२ वर्षांचं काम, सगळं डी ड्राईव्हवर, म्हणजे त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात. त्यातल्याच एका फोल्डरमध्ये २०१६ च्या दिवाळीत मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या आईच्या जात्यावरच्या १४ ओव्या. आई २०१९ ला गेली. दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

सीपीयू टॉवेलात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतला आणि बेळगावला गेले. दुकान ओळखीच्या बाईंनी सांगितलेलं. माणूस बोलायला अगदी गोड. मशीन आत नेलं, वीस मिनिटांनी बाहेर आला.

“अक्का, हार्डडिस्क पूर्ण गेली. आत काही दिसतच नाही.”

“आणि माझ्या फाईली?”

तो क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आज वाटतं, भाव तिथेच ठरला. “बेंगळुरूच्या लॅबला पाठवावी लागेल. होईल की, पण खर्च आहे.” मी किती हेसुद्धा नीट विचारलं नाही. आईचा आवाज आहे त्यात, एवढंच सांगितलं. सांगायला नको होतं.

सहाव्या दिवशी फोन आला. तपासणी ३००, डेटा रिकव्हरी ६,५००, नवीन एसएसडी डिस्क ३,८००, विंडोज १,५००. एकूण १२,१०० रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर पडेल, अक्का. उगाच कशाला?” मी गप्प बसले. घरी येऊन बघते तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तेवढे आलेले, डी ड्राईव्हमधलं काहीच नाही. फोन केला. “तेवढा भाग जळला होता.” जुनी डिस्क मागितली. “लॅबवाले ठेवून घेतात, तसा नियम आहे.”

असा कुठलाही नियम नाही. डिस्क आपली असते, चालू असो वा बंद. दुकानात मशीन ठेवण्याआधी डिस्कवरच्या स्टिकरचा, सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या.

गणपतीला भाचा आला, बेळगावात इंजिनीअरिंगला आहे. मशीन हळू चालतंय म्हटल्यावर त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा, डिस्कची तब्येत सांगणारा फुकटचा प्रोग्राम टाकला. ‘नवीन’ एसएसडी ११,००० तासांहून जास्त चाललेली निघाली. म्हणजे सव्वा वर्ष रात्रंदिवस चालू राहिल्यासारखी. मग त्याने काळ्या खिडकीत ‘एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर’ अशी कमांड दिली. विंडोज खऱ्या परवान्याचं असेल तर कायमचं अॅक्टिव्हेट असल्याचं उत्तर येतं. माझ्या मशीनवर मुदत संपण्याची, सहा महिन्यांच्या आतली एक तारीख आली. चोरीचं विंडोज, वर अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला, आणि त्याच मशीनवर मी बँकेचं काम करत होते. हे मशीन मी २०१८ मध्ये विंडोज १० सकट घेतलेलं आहे. कंपनीच्या अशा मशीनची विंडोजची ‘की’, म्हणजे परवान्याचा नंबर, मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट लागल्यावर ते आपोआप अॅक्टिव्हेट होतं, डिस्क बदलली तरी. ते १,५०० रुपये कशाचे होते?

मग त्याने विचारलं, “आत्ती, दुकानात न्यायच्या आधी पडद्यावर काय दिसत होतं?”

मी सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. “अगं आत्ती, तो रिपेअरचा पडदा डिस्कवरूनच येतो की! डिस्क पूर्ण मेली असती तर तो आलाच नसता.” अपडेटच्या मध्येच लाईट गेल्यामुळे विंडोजच्या फाईली बिघडल्या असणार. माझ्या फाईली शेजारीच होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. भाचा शांतपणे म्हणाला, लॅबची पावती दाखवा. पावती नव्हती. कन्झ्युमर कोर्टाचं नाव काढल्यावर तीन दिवसांनी डिस्क ‘सापडली’. तिच्यावर कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचे फोटो होते आणि ढीगभर सिनेमे. माझी डिस्क पुसून त्याने दुसऱ्याला विकली होती. क्रिस्टलडिस्कइन्फोने तिला ‘गुड’ असा शेरा दिला.

त्या डिस्कवर भाच्याने काहीही लिहू दिलं नाही. फोटोरेक नावाच्या, पुसलेल्या फाईली शोधणाऱ्या प्रोग्रामने जे मिळेल ते दुसऱ्या डिस्कवर काढलं. दोन रात्री लागल्या. फाईलींची नावं गेलेली, नुसते आकडे. हजारो. आवाजाच्या फाईली मी एकेक करून ऐकत बसले. कुठे हॉर्न, कुठे लग्नाचा बँड, मध्येच तुटलेलं गाणं. तिसऱ्या संध्याकाळी एका फाईलमध्ये आधी जात्याची घरघर आली, मग आईचं “थांब, खुंटा हलतोय” आणि मग ओवी. पाच ओव्या मिळाल्या. नऊंच्या जागेवर सिनेमे लिहिले गेले होते.

गावच्या लोकांचे कागद ज्या अनोळखी मशीनमध्ये फिरून आले, त्या लोकांना मी एकेक करून फोन केले. लाज वाटली, पण सांगितलं, आणि आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक कसं करायचं ते दाखवलं. ते फुकट होतं. दुकानदाराने ६,५०० परत केले, बाकीचे नाहीत. बिल न देणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारच धरला आहे. १९१५ या हेल्पलाईनवर तक्रार देता येते, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. माझी तक्रार दिलेली आहे.

दिवाळीनंतर शेजारच्या निवृत्त गुरुजींचं मशीन असंच अडलं. तेही बेळगावला निघाले होते, मी थांबवलं. भाच्याने शिकवल्याप्रमाणे ८ जीबीच्या पेन ड्राईव्हवर माझ्या मशीनवरून उबुंटू तयार केलं. उबुंटू म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टीम, पेन ड्राईव्हवरूनच चालते. मशीन चालू करताना एफ-१२ दाबून (कुठल्या कंपनीला एफ-९, कुठे एस्केप) पेन ड्राईव्ह निवडला आणि इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ वर गेले. गुरुजींचे सगळे फोल्डर समोर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बाहेरची डिस्क जोडून रात्रभर कॉपी लावली. त्यांच्या ड्राईव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, नव्हतं. नव्या लॅपटॉपमध्ये बरेचदा असतं, मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. मशीन धड चालू असताना ती कागदावर उतरवून ठेवा.

डिस्कमधून खरखर, टकटक असा आवाज येत असेल तर मात्र यातलं काही करू नका, मशीन लगेच बंद करा. तेव्हा खरोखर लॅब लागते.

सकाळी कॉपी झालेल्या पाच-सहा फाईली उघडून बघितल्या, मगच विंडोजचा पेन ड्राईव्ह लावला. कुठल्या पार्टिशनवर टाकायचं असं विचारल्यावर फक्त सी, म्हणजे विंडोजचा भाग, निवडला. डीला हात लावला नाही, बाहेरची डिस्क तर आधीच काढून कपाटात ठेवली होती. की विचारली तेव्हा ‘माझ्याकडे की नाही’ म्हटलं. दुपारी चहाच्या वेळेला गुरुजींनी इंटरनेट जोडलं आणि विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट झालं.