ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा, कपाटं प्लायची की आणखी कशाची?

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की घरातला पहिला वाद रंगावरून होतो. शटर पांढरी की राखाडी, ओटा काळा की पांढरा. माझं म्हणणं असं, की रंगाचा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकला. आधी सिंकखालचं दार उघडा, खाली बसा आणि आत हात फिरवून बघा.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधलं पहिलं स्वयंपाकघर २०११ सालचं. सहाव्या वर्षी सिंकखालची तळफळी फुगली, शटरचा खालचा कोपरा बोटानं दाबला तर प्लायचे थर सुटून हातात येऊ लागले. बाकीची कपाटं ठणठणीत होती, ओट्याला तर ओरखडाही नव्हता. झालं होतं असं, की ‘वॉटरप्रूफ’ म्हणून सांगितलेला प्लाय साधा, दमट हवेपुरता टिकणाऱ्या एमआर ग्रेडचा निघाला. त्यात पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कड कोणी बंदच केली नव्हती. तिथून रोज थोडं थोडं पाणी आत जात होतं. एका दोन फुटांच्या खणापायी सगळा ओटा उचलावा लागला, कारण वरचा दगड त्याच सांगाड्यावर बसवलेला होता. म्हणून मी तुलना खालून वर करते.

सांगाडा कशाचा?

प्लायमध्ये तुम्हाला एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट), बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) अशी नावं ऐकू येतील. फरक लाकडापेक्षा डिंकात जास्त आहे. एमआरमधला युरियाचा डिंक दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. बीडब्ल्यूपी, म्हणजे ज्याला दुकानात मरीन प्लाय म्हणतात, त्यात फिनॉलचा डिंक असतो आणि त्याचं मानक आयएस ७१०. या मानकाच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि ७१० हा आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. नुसतं ‘मरीन’ तर कोणीही छापतं. कापलेल्या कडेला डिंकाच्या रेषा गडद तपकिरी दिसतात, पण रंग मिसळूनही त्या गडद करता येतात, तेव्हा तेवढ्यावर भरवसा ठेवू नका.

दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा मी दोन दुकानांतून तळहाताएवढे दोन तुकडे मागून आणले आणि सकाळी एका जुन्या पातेल्यात उकळत ठेवले. संध्याकाळपर्यंत एकाचे थर पत्त्यांसारखे सुटे झाले, मधले दोन तर पाण्यावर तरंगत होते. दुसरा तुकडा काळवंडला, पण चाकूचं टोक घालूनही थर निघेना. दोन्हींना दुकानदारांनी एकच नाव सांगितलं होतं. ही चाचणी कोणालाही घरी करता येते आणि चांगला दुकानदार तुकडा द्यायला कुरकुर करत नाही.

एचडीएचएमआर हा लाकडाचा तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड. एमडीएफ म्हणजे त्याचाच साधा, कमी घट्ट भाऊ; त्याच्यापेक्षा हा पाण्याला पुष्कळ टिकतो, अगदी सपाट असतो, म्हणून शटरसाठी मला तो प्लायपेक्षा आवडतो. प्लायचं उंच शटर कधीकधी वर्षभरात वाकतं. पण वजनाला जड, आणि कडेनं मारलेला स्क्रू त्यात प्लायइतका घट्ट धरत नाही. बिजागरी एकदा उपटली की त्याच जागी पुन्हा बसवणं कठीण जातं. साधा एमडीएफ स्वयंपाकघरात खालच्या बाजूला वापरूच नये. तयार मॉड्युलर किचनमध्ये बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड, असतो. कारखान्यात मशीननं कडा बंद केलेल्या असतील तर तो वरच्या कपाटांना चालून जातो, मात्र घर बदलताना सोडून पुन्हा जोडला तर स्क्रूची भोकं सैल होतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण) आणि पीव्हीसीचे बोर्ड फुगत नाहीत, वाळवी त्यांना तोंड लावत नाही. पण मग सगळंच त्याचं का करू नये? कारण लांब फळीवर डाळ-तांदळाचे डबे ठेवले की ती मधून वाकते, आणि शेगडीच्या उष्णतेजवळ हा माल नरम पडतो. आम्ही मधला मार्ग काढला: सिंकचा खण डब्ल्यूपीसीचा, बाकी खालची कपाटं आयएस ७१० प्लायची, वरची त्याहून स्वस्त प्लायची. हिशेब करून बघा. आठ बाय चारची एक शीट ३२ चौरस फुटांची. सिंकच्या खणाच्या दोन बाजू आणि तळ अर्ध्या शीटच्या आसपास होतात. इतक्या थोड्या मालात आमचं पहिलं स्वयंपाकघर बुडालं होतं.

आणि एक पर्याय असा, की ज्याचं नाव इंटिरियरवाले काढत नाहीत. चिपळूणला माझ्या मावशीच्या तळमजल्यावरच्या घरात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तिचं स्वयंपाकघर जुन्या पद्धतीचं: कडप्प्याच्या उभ्या फरशा, वर ओटा, मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं. पाणी ओसरल्यावर आम्ही नळी लावून चिखल धुतला, ट्रॉल्या बाहेर काढून घासल्या. ट्रॉल्या ज्यावर सरकतात ते चॅनेल तेवढे गाळानं जाम झाले होते, ते बदलले. आठवड्याभरात तिथे भात शिजला. शेजारच्या घरातलं दोन वर्षांपूर्वीचं मॉड्युलर किचन मात्र पार्टिकल बोर्डाचं होतं, ते फावड्यानं भरून बाहेर काढावं लागलं. नदीकाठी, तळमजल्यावर किंवा वाळवीच्या जागी राहत असाल तर कडप्प्याचा सांगाडा जुनाट म्हणून झटकू नका. वर शटर हवी तेवढी नवी लावता येतात.

कोकणात ट्रॉल्या घेताना आणखी एक गोष्ट बघा. ३०४ ग्रेडचं स्टील खाऱ्या हवेत बरंच टिकतं, २०२ ग्रेडवर लवकर तांबेरा येतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल. पण २०२ ला देखील चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

आता ओटा

कडप्पा हा काळा चुनखडक, आंध्रातल्या कडपा भागातला, नाव तिथूनच आलेलं. स्वस्त, मजबूत, आपल्या आयांच्या ओट्यांचा दगड. पण चुनखडक असल्यामुळे लिंबू, चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी सांडलं की पांढरट डाग उठतो आणि तो पुसून जात नाही, कारण तिथला दगडच थोडा खाल्ला गेलेला असतो. तेलाचा हात फिरवून काळेपणा तात्पुरता परत येतो इतकंच. संगमरवराची रासायनिक जात तीच. देवघराला सुंदर, ओट्याला नको.

ग्रॅनाइटचं तसं नाही. आंबट त्याला काही करत नाही, तव्याचा चटका काही करत नाही, सुरीची धार बोथट होईल पण दगडावर रेघ उठणार नाही. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या भाषेत बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. ओट्याच्या दृष्टीनं ते चांगलंच, कारण हे दगड दाट असतात आणि तेल पीत नाहीत. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. फिकट रंगाचे, मोठ्या दाण्यांचे ग्रॅनाइट मात्र तेल शोषतात, त्यांना सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लावावा लागतो आणि तो काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो.

यात फसवणूक होते ती रंगाची. करड्या दगडाला काळा रंग पाजून जेट ब्लॅकच्या भावानं विकतात. मार्बलवाल्याकडे जाताना पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस ठेवा. स्लॅबच्या कोपऱ्यावर जोर लावून घासा. कापूस काळा झाला तर तिथून निघा. सोबत एक लिंबूही न्या, अर्ध्या तासात चमक गेली तर तो ग्रॅनाइट नाही.

क्वार्ट्झचा ओटा म्हणजे खाणीतून निघालेली शिळा नव्हे. नव्वद टक्क्यांच्या वर गारगोटीचा चुरा आणि बाकी पॉलिस्टर रेझिन, असं दाबून केलेली फरशी. रंग एकसारखा, सीलर लागत नाही, आंबटाचा डाग पडत नाही, पांढरा ओटा हवाच असेल तर सगळ्यात निर्धास्त हाच. पण रेझिन आहे हे विसरू नका. साधारण १५० अंशांच्या पुढे त्याला चटका बसतो. कुकरच्या आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे कुकर घाईत टेकवला तर निभावेल. पण पोळ्यांचा तवा २०० च्या वर जातो. तो एकदा टेकवला तर पिवळा गोल कायमचा. घरात चार जण स्वयंपाकाला हात लावत असतील, पाहुण्यांच्या पंगती होत असतील, तर प्रत्येकाला आडणीची आठवण कोण करून देणार? हळद लगेच पुसली तर निघते, रात्रभर राहिली तर पिवळी छटा उरते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पांढरं रेझिन वर्षांगणिक पिवळसर होतं.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोरडा कापताना त्याची जी बारीक धूळ उडते ती कापणाऱ्याच्या फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्याला बरं करणारं औषध नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या फरशीवर बंदी घातली ती याच कारणानं. धूळ ग्रॅनाइटचीही वाईटच, पण क्वार्ट्झमध्ये सिलिका कितीतरी जास्त. आपल्याकडे पार्किंगमध्ये तोंडाला रुमाल बांधून पोरं ग्राइंडर चालवतात. तुम्ही कुठलाही दगड घ्या, पाणी सोडून कापायचं आणि मास्क लावायचा ही अट आधी घाला, आणि त्याचे जास्तीचे पैसे द्या.

कोरियन (Corian) या ब्रँडसारखा ॲक्रिलिक ओटा सांध्याशिवाय होतो, ओरखडे घासून काढता येतात, उष्णतेला मात्र नाजूक. नॅनो व्हाइट ही काचेच्या जातीची कृत्रिम पांढरी फरशी, काचेसारखी चकचकीत आणि तशीच तडकणारी. स्टीलचा ओटा हॉटेलात शोभतो, घरात त्याचा आवाज सोसत नाही.

आम्ही विचारलं तिथे क्वार्ट्झ चांगल्या काळ्या ग्रॅनाइटच्या जवळजवळ दुप्पट होता. माझा कौल ग्रॅनाइटला, आणि उरलेले पैसे सिंकचा खण, बिजागऱ्या आणि चॅनेल यांना. स्वयंपाक हलका, माणसं दोन, आणि उजळ ओट्याची मनापासून हौस, अशा घरानं क्वार्ट्झ जरूर घ्यावा.

शटरवर फार वेळ घालवू नका. एक मिलिमीटरचा मॅट सनमायका फोडणीच्या तेलाला, मुलांच्या हातांना आणि खिशाला तिन्हींना झेपतो. ॲक्रिलिक दिसतं आरशासारखं, पण बोटांचे ठसे पुसत बसावं लागतं. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा टवका घरी दुरुस्त होत नाही. मेम्ब्रेनचा, म्हणजे शटरवर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ थराचा, पापुद्रा शेगडीजवळ उष्णतेनं सुटतो, तिथे तो लावूच देऊ नका. नक्षीच्या खाचांत तेलकट चिकटा बसतो, सपाट शटर घ्या.

माल कितीही चांगला आणा, बसवताना तीन जागी उभं राहा. ओट्याचा सांधा सिंकवर किंवा शेगडीवर येऊ देऊ नका. हॉब, म्हणजे ओटा कापून त्यात बसवायची शेगडी, घेणार असाल तर कापल्यावर पुढे दगडाची किती पट्टी उरते ते मोजा. ती अरुंद राहिली तर नारळ फोडण्याच्या एका ठोक्यात तडकते. आणि ओट्याच्या पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला, लांबीभर, बोटभर आत एक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थांबून थेंबाथेंबानं खाली पडतं, मागे वळून शटरच्या माथ्यावर जात नाही. कारागिराचं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

शेवटचा हप्ता देण्याआधी सिंक काठोकाठ भरा, खाली वर्तमानपत्र अंथरा, झाकण काढून सगळं पाणी एकदम सोडा आणि कागद तसाच ठेवून झोपा. सकाळी कागदावर ओला गोल दिसला तर आधी प्लंबरला बोलवा.