न आलेल्या हरकतीचे पंधरा हजार

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. अठ्ठावीस हजार पाचशे. वडिलांच्या पश्चात सात-बारावर वारस नोंद लावायला मी एवढे दिले. यातला एक रुपयाही नोंदीची सरकारी फी म्हणून गेला नाही. आणि आता माझी खात्री झालीये की यातले पंधरा हजार तर कुठल्याच साहेबापर्यंत गेलेले नाहीत.

आमचं गाव माणदेशात. सव्वातीन एकर, त्यात एकरभर डाळिंब. वडील नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. मी पिंपरीत नोकरीला, ताई सासरी, गावी आई एकटी. तेराव्याला विकास सोसायटीचे सचिव भेटायला आले आणि जाता जाता म्हणाले, "नोंद तेवढी मार्चच्या आत करून घ्या. पीककर्जाचं नवं-जुनं करायचं तर तुमची नावं लागायला पाहिजेत." (नवं-जुनं म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं उचलणं.) माझ्या डोक्यात त्या दिवसापासून ३१ मार्च बसला. माझ्यासारख्या माणसाला असं तारखेनं बांधलं की तो फार विचारत नाही.

जानेवारीत रजा काढून तलाठी कार्यालयात गेलो. (२०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून भाऊसाहेबच.) कुलूप होतं. भाऊसाहेबांकडे तीन गावं, आज ते दुसऱ्या सजाला, म्हणजे दुसऱ्या गावच्या कार्यालयात. दोन रजा अशाच गेल्या. दुसऱ्या वेळी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून हाक आली, "पाव्हणं, वारस नोंद का?"

त्याला मी दादा म्हणायचो, इथंही दादाच म्हणतो. दुकानात एक संगणक, लॅमिनेशनचं यंत्र, आणि भिंतीला टेकवून अर्जांच्या फायलींची थप्पी. त्यातल्या काही फायलींवर कार्यालयाचा आवक शिक्का मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हा मला ते भरवशाचं वाटलं. माणूस आतला आहे, काम होईल. बाहेरच्या माणसाच्या दुकानात सरकारी फाइल काय करतेय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. अशा माणसांना आमच्याकडे 'झिरो तलाठी' म्हणतात. पगार नाही, हुद्दा नाही, पण दप्तर त्याच्या हाताखाली.

दर ठरला बारा हजार. "यातले दोन माझे. बाकी वर जातात, भाऊसाहेब आणि सर्कल." वर कागदांचे दीड हजार, त्यात स्टॅम्प पेपर, नोटरी वगैरे. पुढे कळलं की सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे, साध्या कागदावर चालतं. पण स्टॅम्प पेपर दिसला की आपल्यालाही बरं वाटतं, काम पक्कं झाल्यासारखं. त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्यानं माझ्यासमोर ई-हक्कवर अर्ज भरला. हे सरकारी पोर्टल आहे, घरबसल्या कुणालाही अर्ज भरता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, सात-बारा, आठ-अ, एवढंच लागलं. पंचवीस मिनिटांत झालं. मोबाइल नंबरच्या रकान्यात त्यानं स्वतःचा नंबर टाकला. "तुम्हाला कशाला मेसेजचा ताप?" मी हो म्हणालो. पुढचा सगळा खेळ या एका नंबरावर झाला. माझ्या अर्जाचं काय चाललंय हे त्याला कळत होतं, मला नाही.

आता कायद्यात काय आहे ते सांगतो, कारण दादानं विकलं ते हेच. वारसांची चौकशी होऊन तलाठी फेरफार नोंद, म्हणजे सात-बारावरची नावं बदलण्याची नोंद, धरतो. मग हितसंबंध असलेल्या सगळ्यांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं. ही पद्धत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० खालची आहे. पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे दादाचा 'सर्कल', नोंद प्रमाणित करतो. ना दादा हे दिवस कमी करू शकत होता, ना भाऊसाहेब. तो फक्त मोजत होता.

नोटीस निघाली १० फेब्रुवारीला. आई फोनवर म्हणालीही, "कोतवाल कागद घेऊन आलता, मी सही केली." मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला.

२१ तारखेला, शुक्रवारी रात्री, दादाचा व्हॉट्सॲप कॉल. साधा फोन तो कधीच करायचा नाही. आवाज खाली आणलेला. "पाव्हणं, एक अडचण झालीय. हरकत आलीय तुमच्या नोंदीवर."

"कुणाची?"

"नाव नाही सांगत मी. घरचंच माणूस आहे. उगं तुमच्यात वितुष्ट नको."

या वाक्याला मी मनातल्या मनात दाद देतो अजून. घरचं माणूस म्हणजे कोण? आई तर नाही. उरलं कोण? पुढचं सगळं मीच बोललो. ताईला हिस्सा हवाय का, तिच्या सासरच्यांनी चढवलं का, हक्कसोडपत्राचं मी कधी बोललो होतो का? दादा नुसता "हं… हं…" करत होता. मग म्हणाला, हरकत रजिस्टरला चढली की केस चालणार, तारखा पडणार, वर्ष कुठंच जात नाही. पण सोमवारपर्यंत पंधरा हजार पोचले तर कागद तिथल्या तिथं मिटवता येईल. "शिवरात्रीची सुट्टी झाली की लगेच नोंद मंजूर. माझा शब्द."

शनिवारी सकाळची एसटी धरून गेलो आणि रोख दिले. पाचशेच्या तीस नोटा. त्यानं त्या मोजल्या नाहीत, लॅमिनेशनच्या प्लास्टिकच्या खोक्यात सरकवल्या आणि मला चहा सांगितला.

परतीच्या एसटीत मी ताईला फोन केला. हे लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय ही फसवणूक किती रुपयांची होती ते कळणार नाही. मी तिला सरळ काही विचारलं नाही. म्हटलं, "तुला काय पाहिजे असेल तर तोंडावर सांगायचं, ऑफिसात जाऊन कागद कशाला द्यायचा?" ती विचारत राहिली, कसला कागद, कुठलं ऑफिस. मला वाटलं नाटक करतेय. पुढं मी जे बोललो त्यात तिच्या लग्नाचा खर्चही आला. तिनं फोन ठेवला नाही, ऐकून घेतलं सगळं. महिनाभर आम्ही बोललो नाही. आईला वाटलं, वडील गेले म्हणून आम्ही दोघं गप्प आहोत.

२५ ला मुदत संपली, २६ ची महाशिवरात्र झाली, २७ ला नोंद प्रमाणित. दादानं शब्द पाळला. मी त्याला पेढ्यांचा बॉक्स दिला, हे आता आठवलं की डोकं भणभणतं.

मार्चमध्ये सोसायटीला सात-बाराबरोबर फेरफाराची प्रत लागली, म्हणून मीच ती सरकारी संकेतस्थळावरून काढली. तोवर सात-बाराचे दादा शंभर घ्यायचा, डिजिटल सहीचा उतारा तिथं पंधरा रुपयांत मिळतो. फेरफाराच्या खाली मंडळ अधिकाऱ्यांचा शेरा असतो. तो मी तीनदा वाचला: नोटीस बजावली, मुदतीत हरकत आलेली नाही, नोंद मंजूर.

दादाला विचारलं तर तो हसला. "अहो, तुम्ही पैसे दिले म्हणूनच तसा शेरा पडला ना! मिटवली म्हणजे काय मग?" बघा कसं बसवलंय. हरकत आली नाही हाच हरकत मिटवल्याचा पुरावा. आणि खरंच कुणी अडवलं असतं, तर "साहेब ऐकेनात" म्हणून यातले थोडे पैसे परत करून तो आणखी इमानदार ठरला असता. मुलगा होईल म्हणून पैसे घेणाऱ्या बुवासारखा धंदा. निम्म्या गिऱ्हाइकांना गुण येतोच.

शेवटी भाऊसाहेब एकदाचे भेटले. मी म्हटलं, माझ्या नोंदीवर फेब्रुवारीत हरकत आली होती का? त्यांनी विवादग्रस्त नोंदींचं रजिस्टर काढून दाखवलं. आमच्या गट नंबरचं त्यात काही नव्हतं. "हरकत आली की ती यात चढवायची आणि देणाऱ्याला लेखी पोच द्यायची. आम्हाला परस्पर मिटवता येत नाही. तुम्हाला कोण म्हणालं?" मी गप्प. "कुणाला पैसे-बिसे दिले का?" मी तरीही गप्प. काय सांगणार? तुमच्या नावानं लाच दिली म्हणून?

भाऊसाहेब धुतल्या तांदळासारखे आहेत असं माझं म्हणणं नाही. कार्यालयाच्या दारासमोर फायलींची थप्पी घेऊन एखादं दुकान वर्षानुवर्षं चालतं ते आतल्यांनी डोळे झाकल्याशिवाय नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल खातं दरवर्षी वरच्या नंबरांत उगाच नसतं. पहिल्या बारा हजारातलं आत किती गेलं मला माहीत नाही. दादासारख्यांचं पोट त्याच माहीत नसण्यावर भरतं. खरी लाच इतकी सर्रास आहे की खोटी मागितली तरी कुणाला शंका येत नाही.

ओळखीच्या वकिलांकडे गेलो तर त्यांनी आधी मलाच बसवून सांगितलं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ची दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच त्यातून सूट. मी पोचलो तोवर महिना उलटला होता. पैसे देण्याआधी लाचलुचपत विभागाच्या १०६४ वर फोन केला असता तर सापळा लावता आला असता, साहेबांच्या नावावर पैसे घेणारा मध्यस्थही या कायद्यात अडकतो. मी काय केलं? एसटी पकडली.

तुमच्या घरी वारस नोंद निघाली असेल तर अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाका. आणि कुणी हरकत आलीय म्हणालं तर पैशाचं बोलण्याआधी रजिस्टरमधली नोंद मागा. 'आपली चावडी' म्हणून संकेतस्थळ आहे, गाव निवडलं की चालू फेरफार आणि त्यांची स्थिती दिसते. २१ फेब्रुवारीच्या रात्री मला फोनवर दोन मिनिटांत दिसलं असतं.

एप्रिलमध्ये नवा सात-बारा घेऊन ताईकडे गेलो. तिघांची नावं लागलीत, आई, ताई आणि मी. सगळं सांगितलं तिला, दादाचा कॉल, तीस नोटा, शेरा. ती उतारा वाचत होती, वर न बघता म्हणाली, "त्यानं माझं नाव घेतलं होतं?"

"नाही."

"मग कुणी घेतलं?"

मी काही बोललो नाही. तिनं उताऱ्याची घडी घालून फडताळात ठेवली आणि चहा टाकायला उठली.