तीन वर्षांपूर्वीचा गाळ ओला कसा? गॅरेजने घेतलेले माझे ५१,००० रुपये

५१,००० रुपये. त्यातले २०,००० ऑनलाइन आणि ३१,००० रोख. आकडा आधीच सांगते, कारण गेले काही महिने मी तो घरात, शाळेत, सगळीकडे लपवत होते. नवऱ्यालाही सुरुवातीला २८,००० सांगितले होते. आता लपवण्यात अर्थ नाही. तो गॅरेजवाला हेच काम अजून रोज करतोय.

गाडी २००९ ची वॅगनआर, माझ्या डोंबिवलीच्या काकांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांनी चालवणं सोडलं आणि मे २०२४ मध्ये किल्ली माझ्या हातात दिली. एक रुपया घेतला नाही. मी चिपळूणला राहते, शाळा बावीस किलोमीटरवर. पावसाळ्यात एसटी चुकली की पहिला तास बुडतो, म्हणून गाडीचा मोठाच आधार वाटला.

मुंबई-गोवा हायवेने ती घरी आणली. त्या रस्त्याची कथा इथे कुणाला सांगायला नको. आल्यावर पुढच्या डाव्या चाकातून खटखट सुरू झाली, गतिरोधकावर तर कुणी हातोडी मारतंय असं वाटायचं. स्टिअरिंग डावीकडे ओढायचं. शिवाय इलेक्ट्रिकची कटकट: वायपर लावला की हेडलाइट मंद, हॉर्न घोगरा, काच अर्ध्यात थांबायची, पावसाळी सकाळी सेल्फ नुसता कण्हायचा. इंजिनचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा.

आणि ऑगस्टमध्ये गाडीची पंधरा वर्षं भरत होती. रिपासिंगची, म्हणजे नोंदणी पुढे वाढवण्याची, फी ५,०००, पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत टळली की महिन्याला ५०० रुपये जादा. ही घाई मी गॅरेजवाल्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगून बसले. तुम्ही कुणी सांगू नका. गाडी कधीपर्यंत हवी हे समोरच्याला कळलं की दर तो ठरवतो.

गॅरेज चिपळूणच्या बाहेर, हायवेलगत. नाव आणि गाव इथे घालत नाही, प्रकरण चालू आहे. माझ्याच शाळेतल्या एका सरांनी सुचवलं होतं. म्हणजे मी रस्त्यावरून कुठेही शिरले नव्हते, विचारून गेले होते. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, साडेअकरा हजारांत सस्पेन्शन नवं करून देतो." ९ जुलै. मी २,००० अ‍ॅडव्हान्स दिले.

तिसऱ्या दिवशी फोन. चारही शॉकअप गेलेत, चाक धरणारे लोअर आर्म गेले, स्टिअरिंगचे रॅक एंड गेले. चौथ्या दिवशी पुन्हा फोन, "जरा येऊन बघा, वेगळंच निघालंय."

मी गेले. डॅशबोर्ड उघडलेला, वायरी बाहेर लोंबत होत्या. त्याने टॉर्च मारला आणि एका कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, बोट घालून दाखवलं. बोटाला चिखल. "पुरातली गाडी आहे ताई. कुणीतरी गळ्यात मारलीय."

मी म्हटलं, ही माझ्या काकांची गाडी आहे, डोंबिवलीला इमारतीखाली उभी असायची. तो क्षणभरही थांबला नाही. "काकांना माहीतही नसेल. सर्व्हिसिंगला दिलेली असताना तिथल्या यार्डात बुडाली असेल. ते लोक धुऊन पुसून परत देतात."

२२ जुलै २०२१ ला आमचं घर वाशिष्ठी नदीच्या पुरात होतं. तळमजला पूर्ण गेला, स्कूटी गेली, शाळेच्या वह्या, आईची शिलाई मशीन, सगळं गेलं. तेव्हा पाहिलेला प्रत्येक मेकॅनिक एकच वाक्य बोलायचा: पाणी वायरिंगमध्ये शिरलं की गाडी गेली. चिपळूणच्या माणसाला 'गाळ' या शब्दापुढे विचार सुचत नाही. त्याने तेच ओळखून वापरलं. बाई एकटी दिसली म्हणून फसली असं म्हणणाऱ्यांना सांगते, शेजारचे दादा माझ्याबरोबर होते. त्यांचंही दुकान बुडालं होतं. त्यांनीही मान डोलावली.

पण मी त्या चिखलाला हात लावला होता, हे मला विसरता येत नाही. माझ्याही बोटाला तो लागला. ओला. घरी येताना मी ओढणीला बोट पुसलं, डाग राहिला. तीन वर्षांपूर्वीचा गाळ ओला कसा असेल? आमच्या माळ्यावर पुरातला एक डबा अजून आहे, त्यातला गाळ वाळून पिठासारखा झालाय, टिचकी मारली तर उडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मुलांना बाष्पीभवन शिकवते मी. जुलै महिना, कोकणातला पाऊस, सगळंच दमट, त्यामुळे तेव्हा खटकलं नाही, एवढंच माझं म्हणणं. ते पुरेसं नाही हे मला माहीत आहे.

त्याहून वाईट मी पुढे केलं. त्याच संध्याकाळी काकांना फोन लावला आणि विचारलं, "काका, गाडी कधी पाण्यात होती का? खरं सांगा." काका थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाण्यातली गाडी तुला दिली असती का मी?" आणि फोन ठेवला. तरीही मी मेकॅनिकला होकार कळवला. ज्या माणसाने मला फुकट गाडी दिली त्याच्यावर शंका घेतली आणि चार दिवसांपूर्वी भेटलेल्यावर विश्वास ठेवला.

२४ जुलैला त्याने वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला. चार शॉकअप ९,६००. लोअर आर्म जोडी ३,८००. स्ट्रट माउंटिंग (शॉकअपच्या वरचा जोड) दोन १,९००. रॅक एंड आणि टाय रॉड एंड २,७००. सस्पेन्शनची मजुरी ३,५००. वायरिंग पूर्ण १४,०००. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रिपेअर ८,५००. डायनामो ३,२००. इलेक्ट्रिकची मजुरी ४,०००. एकूण ५१,२००, त्यातले दोनशे सोडले. पक्कं बिल मागितलं तर, "अठरा टक्के वर पडतील ताई, तुमचंच नुकसान." ऑनलाइन पैसे गॅरेजच्या नावावर घेतले नाहीत, मेहुण्याचा नंबर दिला. अ‍ॅडव्हान्सचे दोन हजार त्याच नंबरवर गेले होते, उरलेले अठराही तिथेच. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला कालच घेऊन गेला.

इथे कुणीही ओळखायला हवं होतं. मीही. पण १ ऑगस्टच्या आत गाडी हवी होती, आणि ती चालू होती, खटखट बंद होती, दिवे लख्ख होते. २ ऑगस्टला पासिंगही झालं. मी त्याला पेढे नेऊन दिले.

१४ ऑगस्टला परशुराम घाटात, भर पावसात, अंधार पडताना गाडी बंद पडली. आधी हेडलाइट पिवळे झाले, मग हॉर्न घोगरा, मग काहीच नाही. मागून ट्रक येत होते. मुलगी मागच्या सीटवर होती. त्या वीस मिनिटांबद्दल मला लिहायचं नाही.

गाडी ओढून खेडच्या बाजूला एका म्हाताऱ्या वायरमनकडे नेली. त्यांनी मीटर लावला. बॅटरी १२.४ व्होल्ट, ठीक. मग मीटरचं एक टोक इंजिनच्या लोखंडावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. "बाई, इकडे बघा." काटा १.८ वर. तिथे जवळपास शून्य यायला हवं होतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सला येणारी अर्थची (अर्थिंगची) पट्टी आतून हिरवी पडून कुजली होती, दोन-चार तारांवर गाडी चालली होती. दिवे मंद, काच अडकणं, सेल्फ कण्हणं, इंजिनचा दिवा, सगळं त्या एका पट्टीमुळे. आधीच्या गॅरेजने तिचा नट घासून आवळला होता, म्हणून तीन आठवडे बरी चालली. नवी पट्टी २५० रुपये, मजुरी ५००. पट्टी बसल्यावर मीटर ०.१. डायनामोचं चार्जिंग १४.१ व्होल्ट. काहीही बिघडलेलं नव्हतं.

जुन्या गाडीच्या इलेक्ट्रिकला हात लावायच्या आधी अर्थ तपासायला सांगा. समुद्राच्या हवेचा आणि पावसाचा गंज अर्थच्या जोडावरच आधी बसतो.

मग मीच त्यांना म्हटलं, सगळं उघडून दाखवा. वायरिंगवरची काळी टेप नवी होती. सोलली तर खाली कंपनीची मूळ टेप आणि मूळ वायर. १४,००० रुपये टेपचे. ईसीएमच्या स्क्रूवर पंधरा वर्षांची धूळ बसलेली, पाना लागल्याची एक खूण नाही. पुढच्या शॉकअपवर काळा रंग मारला होता, तो नखाने निघाला आणि खाली गंज. उजव्या बाजूचा तेल गाळत होता. लोअर आर्म जुनेच, फक्त बुश बदललेले. मागच्या शॉकअपला तर हातही लावलेला नव्हता. खरोखर नवं काय? डावीकडचं एक स्ट्रट माउंटिंग. खटखट त्याचीच होती.

आणि बॅटरी. काकांनी डिसेंबर २०२३ मध्ये ३,९०० ला घेतली होती, वॉरंटी कार्ड गाडीच्या खणातच होतं. वायरमननी नंबर वाचला. जुळला नाही. माझी आठ महिन्यांची बॅटरी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी बसवली. गाडी गॅरेजला देण्याआधी बॅटरीच्या नंबरचा फोटो काढा. चारही शॉकअपवर, लोअर आर्मवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावा, कुणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेले. त्याने आवाज चढवला, "दुसरीकडे उघडलंत ना? आता माझी गॅरंटी नाही." चार माणसं जमली. मी रडले, आणि त्याचा मला आजही राग येतो.

त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला होते. दुसऱ्यांदा सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. तिसऱ्यांदा म्हणाले, १ जुलैपासून नवे कायदे आलेत, कलम बसतंय का ते बघावं लागेल. मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कागदावर लिहून नेलं होतं. फसवणुकीचं कलम तिथेही आहे, ४२० चा फक्त क्रमांक बदलला. हवालदारांनी कागद न वाचता परत दिला. चौथ्यांदा विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?" ट्रान्स्फर व्हायचं होतं. "मग तुमचं नुकसान कसं? मालकाला आणा." पैसे माझ्या खात्यातून गेलेत, बँकेचा उतारा माझ्या हातात, आणि मला सांगतात तुमचं नुकसान नाही! चार फेऱ्या, चार रजा, आणि अर्जाची पोचसुद्धा मिळाली नाही. फोनवरच्या एका तक्रार यंत्रणेने तक्रार क्रमांक दिला आणि अठरा दिवसांनी 'समोरच्याने प्रतिसाद दिला नाही' म्हणून तक्रार बंद केली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तक्रार केली होती! गॅरेज कुणाच्या अखत्यारीत येतं हे मला एकाही टेबलावर कुणी सांगू शकलं नाही. प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तिथेच डोकं आपटत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी हे पाचव्या आठवड्यात वाचलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन करता येतो. आणि बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे 'बिल नाही तर काय करणार' असं म्हणून गप्प बसू नका. माझ्याकडे वहीचा कागद, ऑनलाइन पैशांची नोंद, वॉरंटी कार्ड आणि खेडच्या वायरमनचं लेखी निवेदन आहे. त्यांनी ते लगेच दिलं. पक्की पावतीही दिली, ७५० रुपयांची.

गाडी काकांच्या नावावर असल्यामुळे त्यांचं अधिकारपत्र लागणार होतं. डोंबिवलीला गेले. सगळा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, चिखलाच्या परिच्छेदाशी थांबले, मग सही केली. फोनबद्दल मी माफी मागितली. "जेवून जा," एवढंच म्हणाले.

प्रकरण दाखल झालंय. दरम्यान त्याच गॅरेजचे आणखी दोघे मला भेटले. एकाने ३८,००० दिलेत, दुसऱ्याने २७,५००. दोघांनाही डॅशबोर्डखालचा गाळ दाखवला होता. एकाची गाडी तर २०२२ मध्ये घेतलेली, पुरानंतरची! दोघेही लेखी द्यायला तयार नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. मला कळतं, मीही नवऱ्याला २८,००० च सांगितले होते. पण तुम्हाला कुणाला असा ओला गाळ दाखवून वायरिंगचे पैसे घेतले असतील, तर एक पानभर लिहून, तारीख आणि रक्कम घालून, सही करून द्या. नाव बाहेर जाणार नाही याची जबाबदारी माझी. फक्त आयोगापुढे एका चिखलाऐवजी तीन चिखल ठेवायचे आहेत.