एलएमडीबी काही महिने वापरून: लाईट गेली तरी बिल राहतं का?

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका होलसेल किराणावाल्याच्या काउंटरवर छोटा लिनक्स डबा आहे, त्याच्या बिलिंगचा डेटा एलएमडीबीत ठेवलाय, अख्खा पावसाळा चालवून झाला म्हणून लिहितोय. हॉवर्ड चू यांनी ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरसाठी बनवलेला हा डेटाबेस 2011 पासून आहे, पूर्ण फाइल मेमरीत मॅप करतो, म्हणजे फाइल मेमरीचाच भाग असल्यासारखी थेट वाचता येते, त्यामुळे वाचायला एकदम फास्ट, भाव शोधायला गिऱ्हाईक ताटकळत नाही.

मॅप म्हटलं की लोकांना वाटतं लिहिणंही मेमरीतूनच होत असणार. डिफॉल्टला तसं नाहीये. मॅप फक्त वाचायला, लिहिणं साध्या राइट कॉलने आणि कमिटला, म्हणजे बदल पक्का करताना, डिस्कवर सिंक, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवणं. फाइल छोट्या तुकड्यांत, म्हणजे पानांत, विभागलेली असते; वापरात असलेल्या जुन्या पानावर तो लिहीतच नाही, बदललेली पानं नवीन जागी टाकतो आणि सगळ्यात शेवटी दोन मेटा पानांपैकी (ताजा डेटा कुठे आहे ते सांगणारी पानं) जुनं असेल ते बदलतो, म्हणजे मधेच लाईट गेली तरी दुसरं मेटा पान शाबूत, रिकव्हरी-बिकव्हरी काही चालवावी लागत नाही. यूपीएसची बॅटरी उतरलेली असताना बिल बनता बनता डबा बंद पडला, परत चालू केल्यावर कमिट झालेलं शेवटचं बिल जागेवर! इथेच माझा विश्वास बसला.

स्पीडसाठी नोसिंक (कमिटला सिंक न करण्याचा पर्याय) लावा म्हणून सांगणारे खूप भेटतात, पैशाच्या डेटाला प्लीज लावू नका. प्रोसेस किल केली तरी डेटा राहिला म्हणतात, अरे राहणारच ना, पानं कर्नलच्या कॅशमध्ये असतात, प्रोसेस मेली म्हणून ती जात नाहीत. खरी टेस्ट प्लग ओढूनच होते. राइटमॅप हा पर्याय त्याहून जपून, कारण तिथे मॅपवर लिहिता येतं आणि आपल्याच प्रोग्रामचा एखादा भरकटलेला पॉइंटर डेटाबेस खराब करू शकतो. स्लो वाटत असेल तर एका बिलाच्या सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकदम कमिट होणारा बदलांचा गठ्ठा) टाका, सिंक एकदाच होतो, आमच्याकडे तेवढ्याने भागलं.

कटकटी पण आहेत. मॅपसाइज, म्हणजे डेटाबेस जास्तीत जास्त किती वाढू शकतो ती मर्यादा, डिफॉल्टला 10 एमबीच, ती आधीच भरपूर मोठी ठेवा. लिहिणारा एका वेळी एकच. रिपोर्टच्या स्क्रीनने रीड ट्रान्झॅक्शन उघडं धरून ठेवलं तर मोकळी झालेली पानं परत वापरता येत नाहीत, फाइल फुगत जाते आणि आपोआप लहान होत नाही, म्हणून रात्री एमडीबी कॉपी या त्याच्यासोबतच्या टूलने कॉम्पॅक्ट करून पेनड्राइव्हवर कॉपी काढतो, चालू डेटाबेसची पण नीट निघते. फाइल नेटवर्क शेअरवर मात्र ठेवू नका.

आणि डब्यातल्या मेमरी कार्डनेच सिंक झालं म्हणून खोटं सांगितलं तर कुठलाच डेटाबेस काही करू शकत नाही, त्यामुळे नवीन डबा आला की आधी घरी प्लग टेस्ट, मगच दुकानात.