स्टेअरिंग बॉक्स नवीन टाकला म्हणून ३४ हजार घेतले, बॉक्स आमचाच निघाला

इंदूरात जुन्या गाडीचं स्टेअरिंगचं काम काढणार असाल तर आधी हे वाचा. आमची ११०९ ट्रक आहे, २०११ ची, चोइथराम मंडीतून बटाटा-लसूण भरून धुळे-जळगाव करते, मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून चालवतो. स्टेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे व्हील फिरवूनही टायर लगेच न वळणं, फार वाढला होता आणि स्टेअरिंग बॉक्सखाली (व्हीलचं फिरणं खालच्या दांड्यांना देणारी पेटी) तेल गळत होतं. देवास नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच नुसतं व्हील इकडेतिकडे हलवून सांगून टाकलं, "भिया, बॉक्स गया." म्हणे रिपेअर होत नाही, या मॉडेलचा आता येत नाही, ओळखीत एकाकडे एकच पीस पडलाय, ३४ हजार फिटिंगसकट, आणि जुना बॉक्स त्याच्याकडे जमा.

जुन्या गाडीला पार्ट मिळत नाही हे खोटंही वाटत नाही हो, तिथेच तर हे लोक खेळतात. दुकानात गेलं की चेसिस नंबर सांगा, साल सांगा, नाहीतर उद्या या. आणि गाडी उभी म्हणजे हप्ता तर थांबत नाही, माणूस हो म्हणतोच.

गाडी मिळाली तेव्हा काळा कुळकुळीत बॉक्स, व्हील एकदम टाईट, प्ले गायब. पण माल भरून मानपूरचा घाट उतरताना वळण घेतलं की व्हील आपोआप परत येईना, दर वेळी ओढून सरळ करावं लागायचं, भरलेल्या गाडीत घाटात हे म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच कळेल.

परत आल्यावर पालद्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी आधी मला व्हीलवर बसवलं, थोडं थोडं डावी-उजवीकडे हलव म्हणाले आणि स्वतः खाली झोपून बघत राहिले. व्हील फिरलं आणि ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा) हललाच नाही तर दोष बॉक्सचा, ड्रॉप आर्म हलतोय पण पुढे टायरपर्यंत पोचत नाही तर दोष खालच्या जॉइंटचा. एवढी साधी गोष्ट आहे ही, आणि फुकट आहे! आमचा आर्म लगेच हलत होता. मग पुढचा एक्सल जॅकवर घेऊन टायर वर-खाली हलवला तर डावीकडचं किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन) खडखड, बाजूबाजूने हलवला तर टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचे जॉइंट) संपलेले, तेही तेच जुने गंजके, कोणी हातसुद्धा लावला नव्हता. बॉक्सवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूचा लॉकनट सोडून स्क्रू मात्र दाबून आवळला होता, त्याने प्ले गेल्यासारखा वाटतो आणि व्हील मधेच अडकतं. तेल गळत होतं ते सीलचं, त्याला सील किट पुरतं.

काही वर्षांपूर्वी ड्रॉप आर्म निघत नव्हता तेव्हा बॉक्सच्या हाउसिंगवर छिन्नीचे घाव बसले होते, ते मला आठवत होते. कानशीने रंग खरवडला, खाली तेच घाव.

किंगपिन, बुश रीमर मारून, दोन्ही एंड, सील किट, लेबर धरून साडेनऊ हजारात सगळं झालं, व्हील आता बोटाने फिरतं. गॅरेजवाला आधी ओळखच दाखवेना, ओळखीचे ट्रान्सपोर्टवाले सोबत नेले तेव्हा १२ हजार काढून दिले, बाकी म्हणे लेबर. कसलं लेबर, रंग मारायचं?

बॉक्स द्यायच्या आधी त्यावर पंचने खूण करा, फोटो काढा, आणि "जुना जमा" म्हणला तरी जुना पार्ट हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पक्कं बिल मागा, "टॅक्स वेगळा लागेल" म्हणाला तर लागू दे, २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवर जीएसटी १८ टक्केच आहे, आधी २८ होता. बिलावर ८७०८ ने सुरू होणारा एचएसएन (मालाचा टॅक्स कोड) नसेल तर विचारा का नाही.

आणि तो गॅरेजवाला मला म्हणाला, कमर्शियल गाडी आहे, कंझ्युमर कोर्टात कुछ नहीं होगा. हे अर्धंच खरं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरायला घेतली असेल तर बसते, आमची तर एकच गाडी. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय, ५ लाखांपर्यंत फी नाही. कच्च्या चिठ्ठीवर त्याने स्वतःच्या अक्षरात "नया बॉक्स" लिहून दिलंय, तीच जोडलीये.