जिम चांगली, साडेसातचा स्कूप नको

तालुक्याच्या बसस्टँडमागची ही जिम भरतीच्या पोरांवरच चालते. मशिनी जुन्या, पण डंबेलच्या जोड्या पूर्ण आहेत, रॉड सरळ आहेत आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर लागतो. फी वाजवी. तक्रार आहे ती काउंटरवरच्या डब्याची: प्री-वर्कआउट पावडर, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी प्यायची, सुटी, तीस रुपये स्कूप.

डब्याचं लेबल वाचा. एका सपाट स्कूपमध्ये 200 मिलिग्रॅम कॅफीन. हातात पडतो तो शिगोशीग. पावसाळ्यात झाकण उघडं राहून पावडरचे खडे होतात, मग कोणाला पाऊण, कोणाला दीडपट. फ्रिजमधला एनर्जी ड्रिंकचा 250 मिलिलिटरचा कॅन फार तर 75 मिलिग्रॅमचा असतो. भरलेला स्कूप म्हणजे असे तीन-चार कॅन. प्यायल्यावर कान-गाल चुणचुणतात आणि पोरांना वाटतं, चढलं. ती चुणचुण पावडरमधल्या बीटा-अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाची, कॅफीनची नाही.

आता हिशेब. शरीरातलं कॅफीन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. संध्याकाळी साडेसातला 200 घेतलं तर रात्री साडेबाराला 100 शिल्लक, म्हणजे अंथरुणात बसून दोन-तीन कप चहा प्यायल्यासारखं. दिवसभर मेंदूत साचणारं अ‍ॅडेनोसिन झोप आणतं; कॅफीन नेमकी त्याची जागा अडवून बसतं. डोळा लागला तरी झोप गाढ होत नाही. साडेचारला गजर, पाचला ग्राउंड, 1600 मीटरच्या चौथ्या राउंडला पाय ओढतात. मग तर्री-पोह्यांवर दोन कट चहा, दुपारी अभ्यासिकेत डुलक्या, पुन्हा चहा, आणि संध्याकाळी परत तोच डबा.

व्यायामाला उगाच दोष देतात. आठ-साडेआठला आटोपला तर सहसा झोप बिघडत नाही. साडेनऊला स्क्वॅटचे जड सेट मारून दहाला निजायचं म्हटलं, तर मात्र अंग तापलेलंच राहतं.

स्कूप घ्यायचाच तर सकाळी, धावण्याच्या पाऊण तास आधी, अर्धा आणि सपाट. चहा दुपारी दोनपर्यंत. छातीत धडधडत असेल तर अजिबात नको. रोज घेणाऱ्यांनी एकदम सोडला तर डोकं ठणकतं. दर चार दिवसांनी पाव-पाव कमी करावा.

मालकाने झाकण लावावं, स्कूप सपाट करायला डब्याला एक पट्टी बांधावी आणि दुपारनंतर विक्री बंद ठेवावी.